एकोणीस हजार दोनशे खडे

डायमंड पेंटिंग म्हणजे छापील चिकट कॅनव्हासवर एकेक खडा लावून चित्र पूर्ण करायचं किट. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठं असतं ते चित्र. मोर, राधाकृष्ण, गणपती, नाहीतर मावळतीचा समुद्र. माप मात्र एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. किट कुणाला भेट द्यायचं असेल तर मी आधी ते माप वाचते.

३० बाय ४० सेंटिमीटर हे दुकानात सहज मिळणारं माप. भिंतीवर टांगलं तर लहानच दिसतं. पण चौकोनी खडा अडीच मिलिमीटरचा, म्हणजे एका सेंटिमीटरला चार. आडवे १२०, उभे १६०, एकूण १९,२०० खडे. त्यातला प्रत्येक खडा पेनाच्या टोकाने उचलायचा, चौकटीतली खूण बघायची, त्यावर ठेवायचा आणि दाबायचा. नवखा हात निवांत बसून तासाला पाचशेच्या आसपास खडे लावतो, म्हणजे हे काम चाळीस तासांच्या जवळ जातं. नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास काढणाऱ्या बाईला त्यासाठी अडीच महिने लागतील. भेट देणाऱ्याने हा हिशेब दुकानातच करावा. २० बाय २० चं किट ६,४०० खड्यांत संपतं. ते पूर्ण होतं, भिंतीवर लागतं, आणि मग माणूस स्वतःहून मोठं मागतो.

माझ्या मावशीला निवृत्तीनंतर आम्ही असं छोटं किट दिलं. डायनिंग टेबलावर खिडकीजवळ तिने मांडामांड केली तेव्हा मी शेजारी बसले होते. आत असतं ते एवढंच: गुंडाळलेला छापील कॅनव्हास, नंबर घातलेल्या खड्यांच्या पुड्या, एक पेन, गुलाबी मेणाचा तुकडा आणि पन्हळीचा छोटा ट्रे. पेनाचं टोक मेणात दाबलं की टोकात थोडं मेण अडकतं आणि त्याला खडा चिकटतो. ट्रेमध्ये खडे ओतून हलकेच हलवले की बहुतेक खडे पैलूंची बाजू वर करून रांगेत बसतात. सपाट बाजू चिकट कॅनव्हासवर, पैलू वर. मावशीने ट्रे हलवला, खडे सरळ झालेले पाहिले आणि म्हणाली, “अगं, हे तांदूळ निवडण्यासारखंच आहे की!” त्यानंतर तिला काही शिकवावं लागलं नाही. एकच गोष्ट सांगावी लागली: वरची पारदर्शक फिल्म पूर्ण काढायची नाही. हाताएवढी जागा उघडायची, ती भरायची, मग पुढची. उघड्या गोंदावर धूळ, केस, लोकरीचे तंतू असे बसतात की तिथे खडा पुन्हा नीट धरत नाही.

गोंद हा किटचा जीव आहे आणि खोक्यावर त्याबद्दल एक शब्द नसतो. काही कॅनव्हासवर गोंद सबंध ओतलेला असतो, काहींवर दोन्हीकडून चिकटणारा पातळ थर लावलेला असतो. दुसऱ्या प्रकारात कॅनव्हास दुमडला की फिल्मखाली हवा शिरते आणि पांढऱ्या नद्यांसारख्या रेघा उमटतात. तिथे खडे बसतात खरे, पण पुढे सुटतात. म्हणून घडी घालून पाकिटात भरलेलं किट मी उचलत नाही, गुंडाळी केलेलं घेते. दुकानदार ओळखीचा असेल तर फिल्मचा कोपरा उचलून बोट टेकवून बघते. बोट सोडवताना कॅनव्हास किंचित बरोबर यायला हवा.

गोल की चौकोनी, हा पुढचा प्रश्न. चौकोनी खडे शेजारी शेजारी बसले की मध्ये फट राहत नाही, चित्र फरशीसारखं गच्च दिसतं. पण एक खडा तिरका गेला की पूर्ण ओळ ढकलली जाते. गोल खडा साधारण २.८ मिलिमीटरचा. त्यांच्यामध्ये थोडी जागा राहते आणि तिरकं बसणं ही भानगडच उरत नाही. नवख्या माणसाला, मुलांना आणि ज्यांचा हात थोडा थरथरतो अशा ज्येष्ठांना गोलच द्यावा. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

पुड्यांवरचे आकडे मनाला येतील तसे घातलेले नसतात. बऱ्याच किटमध्ये ते डीएमसी या फ्रेंच कंपनीच्या भरतकामाच्या धाग्यांच्या रंगक्रमांकांवरून घेतलेले असतात. १७४६ साली म्युलूझ शहरात सुरू झालेली ही कंपनी. तिच्या धाग्यांत ३१० म्हणजे काळा, आणि खड्यांतही ३१० म्हणजे काळा. याचा उपयोग असा की एखाद्या रंगाचे खडे कमी पडले तर त्याच क्रमांकाची पुडी दुसरीकडून मागवता येते. छटेत थोडा फरक पडू शकतो, पण काम अडत नाही. ज्या किटमध्ये फक्त १, २, ३ असे स्वतःचेच क्रमांक असतात, त्यात ही सोय राहत नाही.

आता चमक. खोक्यावर ३डी, ५डी असं ठळक लिहिलेलं असतं. चित्र उठावदार होणार असा त्यावरून समज होतो, पण ते वर्णन खड्याच्या पैलूंचं आहे. पैलू जास्त, तर उजेड जास्त दिशांनी परततो. काही किटमध्ये थोडे खडे एबी म्हणजे अरोरा बोरिआलिस लेपाचे असतात, तेलाच्या थेंबावर दिसतात तसे रंग त्यांच्यावर फिरतात. हा लेप मूळचा काचेच्या खड्यांचा. ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीने १९५६ मध्ये ख्रिश्चन दिओरसोबत तो आणला. मोराच्या डोळ्यात, देवीच्या मुकुटात असे मोजके खडे असले की चित्र जिवंत होतं. सगळंच चित्र त्यांचं असेल तर मात्र लांबून नुसता झगमगाट दिसतो, आकार हरवतो. पूर्ण झाल्यावर वरून लावायचा सीलर जाड असेल तर हीच चमक मंदावते. फ्रेम करणार असाल तर तो लावायची गरज नसते.

सगळ्यात जास्त निराशा मी पाहिली ती फोटोवरून करून मिळणाऱ्या किटमध्ये. लग्नाच्या वाढदिवसाला आईबाबांच्या फोटोचं किट द्यावं, ही कल्पना फार गोड आहे. पण पुन्हा मापाकडे या. ३० बाय ४० मध्ये दोन माणसं कमरेपर्यंत घेतली तर एका चेहऱ्याच्या वाट्याला सात-आठ सेंटिमीटर रुंदी येते, म्हणजे तीस-बत्तीस खडे. डोळा मोजक्याच खड्यांचा होतो. एवढ्यात आईचं हसू कसं उतरणार? चेहरा हवा असेल तर एकच माणूस, जवळून काढलेला, स्वच्छ उजेडातला फोटो आणि निदान ५० बाय ७० चा कॅनव्हास लागतो. तेवढ्यावर ५६,००० खडे बसतात. म्हणजे ही भेट नवख्याची नाहीच, मुरलेल्या हाताची आहे.

चित्र निवडतानाही हाच विचार करावा. एकाच रंगाचे मोठे पट्टे असलेलं चित्र, म्हणजे निळं आकाश, कमळाची पाकळी, वारलीची आकृती, नवख्याला सोपं जातं. एका ओळीत तीन-चार खडे उचलणारं रुंद टोक किटमध्ये असेल तर तिथे ते कामाला येतं. बाग, जंगल, गर्दी अशा चित्रांत दर दोन खड्यांमागे पुडी बदलावी लागते आणि डोळे शिणतात.

मुलांसाठी खोकं घेताना आयएसआयची खूण बघाच. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ती १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे बंधनकारक आहे. आणि घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर मोठ्या ताईदादासाठीही हे किट आणू नये, खडे गिळण्याच्या मापाचे असतात. सात-आठ वर्षांच्या मुलांना कॅनव्हासपेक्षा खड्यांचे स्टिकर, किचेन, पुस्तकातली खूण असं एका बैठकीत संपणारं द्यावं. सुटी चमकी, म्हणजे ग्लिटर, असलेली किट मी घेत नाही. प्लास्टिकची ती चमकी नाल्यातून पुढे कुठेही जाते. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले, ते मला पटतं.

हल्ली आरी वर्कची किटही भेट म्हणून दिली जातात: लाकडी रिंग, आरीची सुई, जर, टिकल्या, मोती. ब्लाउजवरचं काम बघून मुलींना त्याची ओढ वाटते, ते साहजिक आहे. पण आरीत धागा कापडाखाली एका हातात धरायचा असतो आणि वरून सुईच्या आकड्याने त्याचा फास ओढून घ्यायचा असतो. हाताचं हे वळण कागदावरच्या सूचनांनी येत नाही, कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. आरीचं किट द्यायचं तर जवळच्या क्लासची महिन्याची फीसुद्धा भरा.

आपल्याकडे रुखवतात मांडलेली मोत्यांची तोरणं, कुंदन लावलेल्या रांगोळ्या, मण्यांची महिरप असंच शेजारी बसून बनायची. आत्या मणी ओवायची, चुलतबहीण रंग सांगायची, आजी गाठ तपासायची. किटमध्ये साहित्य सगळं येतं, पण ही माणसं येत नाहीत, आणि अर्धवट राहिलेल्या बहुतेक कॅनव्हासांचं कारण मला तिथे दिसतं. पहिल्या तासात काही अडलं आणि विचारायला कुणी नसलं की गुंडाळी कपाटावर जाते.

तेव्हा भेट बांधण्याआधी खोकं उघडा. पुड्या तक्त्याशी ताडून बघा, मेणाचा एक जादा तुकडा आणि झाकणाच्या रिकाम्या डब्या आत ठेवा. ज्येष्ठांसाठी असेल तर कॅनव्हासवरच्या खुणा त्यांच्या चष्म्यातून वाचता येतील का, ते आधीच पाहा. आणि शक्य असेल तर भेट दिल्यावर लगेच उठू नका, पहिली ओळ दोघांनी मिळून लावा.