काकू, सगळं ठीक आहे

सप्टेंबर उजाडला की गणपतीच्या वर्गणीबरोबरच आमच्याकडे दुसऱ्या एका प्रकारचे फोन सुरू होतात. कुणाचा भाचा येतोय, कुणाच्या नणंदेची मुलगी, कुणाच्या नागपूरच्या शेजाऱ्यांचा मुलगा. "एम.एस्सी.ला येतोय, गुणी आहे, जरा लक्ष ठेवा." लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर पहिल्या रविवारी वरणभाताला बोलवायचं, कुकर कुठे मिळतो ते सांगायचं आणि मग महिन्यातून एकदा फोन करायचा. पलीकडून उत्तर ठरलेलं: "हो काकू, सगळं ठीक आहे." या उत्तरावरचा आमचा विश्वास गेल्या जानेवारीत उडाला. त्याची ही हकीकत.

चार मुलं मिळून एका जुन्या घरात भाड्यानं राहत होती. त्यातल्या एकाचा फोन आला, तोही कुकरची रिंग कुठे मिळेल हे विचारायला. बोलता बोलता म्हणाला, हल्ली संध्याकाळी डोकं फार दुखतं. आम्ही नेहमीची मोठी माणसं जे सांगतात तेच सांगितलं. पाणी पी, चष्म्याचा नंबर तपास, मोबाइल कमी बघ. आईनं व्हिडिओ कॉलवर बाम लावायला सांगितलं होतंच. घरची आठवण येत असेल, असंही आम्ही आपसांत म्हणून घेतलं आणि विषय संपवला.

आठवड्यानं पुन्हा फोन. आता दुसऱ्यालाही मळमळत होतं. दोघं लायब्ररीत गेले की तासा-दोन तासांत बरं वाटायचं, घरी आले की पुन्हा तेच. तिसरा, जो संध्याकाळी गोदामात काम करून दुपारपर्यंत झोपायचा, तो सगळ्यांत जास्त गळाला होता. ताप मात्र कुणालाच नव्हता. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. त्यांना म्हटलं, बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, सगळे आत्ताच्या आत्ता रस्त्यावर या आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा.

गॅसच्या आपत्कालीन सेवेचा माणूस आला. त्यानं मोजमाप केलं, गॅस बंद केला आणि बॉयलर वापरू नये अशी चिठ्ठी त्यावर चिकटवली. धुराची नळी सांध्यातून सुटलेली होती. भिंतीत हवेसाठी जी जाळी असते तिच्यात मुलांनी थंडी येते म्हणून जुना टॉवेल कोंबला होता. कार्बन मोनॉक्साइड. चौघांनी ती रात्र इस्पितळात प्राणवायू घेत काढली. निभावलं. बॉयलरच्या तपासणीचा कागद घरमालकाकडे मागितला तेव्हा तो कधीच जुना झालेला निघाला.

हा टॉवेल वाचून कुणी हसू नये. रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला आम्ही इथे आलो तेव्हा पहिल्याच डिसेंबरात खोलीतली तीच जाळी आम्ही वर्तमानपत्रानं बुजवली होती. दिवसभर प्रयोगशाळेत वायूंचे सिलिंडर हाताळायचे आणि संध्याकाळी घरी येऊन हे! आपल्याकडे भिंतीला भोक असलं तर त्यातून पाल येते, म्हणून ते बुजवायचं असतं. इथे ते मुद्दाम ठेवलेलं असतं, हे आपल्याला कोण सांगणार?

थोडं रसायनशास्त्र सांगतो, कंटाळू नका. गॅस पुरेशा हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. आपण सगळे सिलिंडरच्या घरात वाढलेलो, त्यामुळे वास आला की रेग्युलेटर बंद करायचा हे अंगात मुरलेलं. पण तो वास गळणाऱ्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. जळून झालेल्या मोनॉक्साइडला तो नसतो, म्हणजे आपलं नाक इथे कामाचं नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून थोडासाही पुरतो. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसणं, बॉयलरभोवती काजळी धरणं आणि घराबाहेर पडल्यावर डोकेदुखी थांबणं, या खुणा लक्षात ठेवाव्यात. देशातही बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरनं माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. कारण हेच.

कायदा इथे भाडेकरूच्या बाजूनं आहे. घरमालकानं गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घ्यायची आणि नवा भाडेकरू राहायला येण्याआधी त्याला त्या कागदाची प्रत द्यायची. तपासणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंदलेला हवा. (आपल्यातल्या जुन्या मंडळींच्या तोंडी अजून 'कॉर्गी' आहे. ते २००९ साली बदललं.) बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरमालकानं लावायचा, हा नियम इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून खासगी भाड्याच्या घरांना आहे. नुसती गॅसची शेगडी असली तर तो लागू नाही. फोडणीला बोंबलतो तो धुराचा अलार्म, हा वेगळा. धुराच्या अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधणारे बहाद्दर दर दिवाळीला निघतात. त्यांना आम्ही फराळ देतो आणि झापतोही.

पण कायदा असून उपयोग काय, मुलं विचारतच नाहीत. घरमालकाला राग येईल, डिपॉझिट अडकेल, व्हिसाला काही होईल, ही भीती. त्या चौघांनी तो कागद मागितला नव्हता, कारण असा कागद असतो हेच ठाऊक नव्हतं. तेव्हा तुमच्याकडे जेवायला येणाऱ्या मुलाला "जेवलास का" याच्यानंतर "बॉयलर कुठे आहे, कागद पाहिलास का" हेही विचारा.

जाळी उघडी ठेवली की ओल आणि बुरशीही कमी होते. वीस अंशांची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, पाच अंशांची जेमतेम सात. कुकरची वाफ आणि रेडिएटरवर वाळणारे कपडे यांचं पाणी शेवटी गार भिंतीवर जमतं. स्वयंपाक करताना दार लावून पंखा चालू ठेवावा आणि रोज दहा मिनिटं खिडकी उघडावी. मात्र सगळी बुरशी भाडेकरूच्या स्वयंपाकामुळे येते, हे ऐकून घेऊ नका. रॉचडेलचा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याचे आईवडील सुदानहून आलेले, तक्रार करत होते, आणि त्यांच्या राहणीवर बोट ठेवलं गेलं. त्याच्या नावाचा कायदा सोशल हाउसिंगमधल्या घरांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरात लागू झाला.

आमच्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी लंडनला १०, किंग हेन्रीज रोडवर जाऊन फोटो काढून येतो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून तिथे राहिले होते, आणि महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर घेतलं. त्या घराचे पन्नास फोटो असतात, पण स्वतःच्या खोलीचा, राहायला आल्या दिवशीचा, एकही नसतो! गालिच्यावरचा डाग आधीपासूनचा आहे, हे मग सिद्ध कसं करणार? इंग्लंडमध्ये डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि तीस दिवसांच्या आत ते मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. त्याची पावती मागून घ्यावी.

जीपीचं तर नवलच. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरून मुलं येतात आणि आजारी पडेपर्यंत नाव नोंदवत नाहीत. पैसे तर भरलेत! नोंदणी पहिल्याच आठवड्यात करावी. रात्री-अपरात्री शंका आली तर १११, जीव धोक्यात असेल तर ९९९. पूर्णवेळ विद्यार्थीच राहत असतील तर कौन्सिल टॅक्स माफ आहे, पण युनिव्हर्सिटीचा दाखला द्यावा लागतो आणि घरात एक नोकरदार मित्र राहायला आला की माफी जाते. बायोमेट्रिक कार्डं २०२४ अखेर संपली. आता सगळं ऑनलाइन असल्यानं पासपोर्ट बदलला की खात्यातही बदलायचा.

एक गोष्ट मुलांसाठी नाही, आपल्यासाठी. "काका, गॅरंटर म्हणून सही कराल का?" असं विचारलं जातं, आणि नाही म्हणणं जिवावर येतं. करार चौघांचा एकत्र असेल तर तुमची सही एकट्या भाच्यापुरती आहे की चौघांच्या भाड्यासाठी, ते वाचून पाहा. आम्ही एकदा न वाचता केली होती. वर्षभर त्या तीन अनोळखी मुलांच्या नोकरीच्या काळजीत होतो.

येत्या कोजागिरीला हॉलच्या दाराशी, मसाला दुधाच्या शेजारी, विद्यार्थ्यांसाठी एक टेबल असेल. जीपीचे फॉर्म, अलार्मचा नमुना आणि भाड्याचा करार वाचून द्यायला दोन माणसं. आपल्याकडचा भाचा-पुतण्या घेऊन या, करार बरोबर आणायला सांगा. टेबलावर बसणार आहेत त्या चौघांपैकी दोघं. कुकरची रिंगही त्यांच्याकडे मिळेल.