प्रतिकारशक्ती हवी, पण आटोक्यातली

करोनाच्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र घरोघरी पोचला. काढे, गोळ्या आणि चूर्णांच्या वेष्टनांवर आजही तेच आश्वासन असते. ही शक्ती जितकी जास्त तितके बरे, असे त्यामागे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात अनेक गंभीर आजारांत जंतूइतकाच, कधी त्याहूनही अधिक, घात करते ती जंतूविरुद्ध पेटलेली शरीराची स्वतःची प्रतिक्रिया. ती कोणात, केव्हा आणि किती आवरायची हा आजच्या वैद्यकासमोरचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नुसत्या तर्काने मिळत नाही. त्यासाठी रुग्णांवरच्या काटेकोर तुलनात्मक चाचण्याच लागतात.

जखम लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. हा दाह शरीराने मुद्दाम घडवून आणलेला असतो. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात आणि जंतूंवर तुटून पडतात. या पेशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांद्वारे एकमेकींना हाक देतात. बोटावरच्या जखमेत ही सूज उपकारक ठरते. पण तीच फुफ्फुसाच्या वायुकोशांत पसरली तर तिथे द्रव साचतो आणि प्राणवायूला रक्तात शिरायला वाट उरत नाही. कोव्हिडच्या अनेक रुग्णांत हेच घडले. पहिल्या आठवड्यात विषाणू वेगाने वाढत होता. रुग्ण दुसऱ्या आठवड्यात खालावत होते, तेव्हा नुकसानीतला मोठा वाटा दाहाचा होता.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये झालेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने हे आकड्यांत दाखवले. डेक्सामेथासोन हे १९५०च्या दशकातले, दाह आवरणारे स्वस्त स्टेरॉइड. चाचणीत २,१०४ रुग्णांना ते रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले गेले आणि ४,३२१ रुग्णांना नेहमीचे उपचार. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना मात्र काहीही फायदा दिसला नाही. त्यांच्यात औषध घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण सावध करायला पुरेसा आहे. औषध एकच, आजार एकच. बदलली ती फक्त आजाराची पायरी.

यावर कोणी म्हणेल की, स्टेरॉइडचा भरवसा कशाला धरायचा? २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे हाल पाहिले. बुरशीने डोळे आणि जबडे गमावलेली माणसे पाहिली. हा आक्षेप रास्त आहे. अनियंत्रित मधुमेह आणि गरज नसताना, जास्त मात्रेत किंवा जास्त दिवस घेतलेली स्टेरॉइडे ही त्यामागची मोठी कारणे होती. दाह आवरणारे औषध जंतूंशी लढण्याची ताकदही कमी करते आणि रक्तातली साखर वाढवते. पण यातून औषध टाकाऊ ठरत नाही. उलट, चाचणीने घालून दिलेली मर्यादा ओलांडली की काय होते, तेच यातून कळते.

दुसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा असतो: दाह दिसतो आहे, तो कमी करणारे औषध हाताशी आहे, मग चाचणीची वाट का पाहायची? याचे उत्तर ‘क्रॅश’ चाचणीत आहे. डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो, म्हणून अशा रुग्णांना अनेक वर्षे स्टेरॉइड दिले जात असे. तर्क सरळ होता. १०,००८ रुग्णांवर तुलना झाली तेव्हा, २००४ मध्ये, समजले की दोन आठवड्यांतील मृत्यू औषधाविना १७.९ टक्के, तर औषध दिलेल्यांत २१.१ टक्के होते. त्याच वर्षी व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या अभ्यासात क्षयाच्या मेंदुज्वरावर डेक्सामेथासोनने मृत्यू ४१.३ टक्क्यांवरून ३१.८ टक्क्यांवर आणले. गंभीर अपंगत्व मात्र कमी झाल्याचे दिसले नाही. दोन्हीकडे तर्क सारखाच, निकाल मात्र उलट. अनुभवाला हा भेद कळणे कठीण, कारण ज्या रुग्णाला औषध दिले तो ते न देता जगला असता का, हे खाटेशेजारी उभे राहून दिसत नाही.

मरणाच्या दारातल्या माणसाचे उपचार चिठ्ठीवर सोडणे अमानुष वाटते. पण औषध तारते की मारते हेच ठाऊक नसताना ते सरसकट देणे हासुद्धा प्रयोगच असतो. फरक इतकाच की त्याची नोंद होत नाही आणि पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही. जुन्या, स्वस्त औषधांच्या अशा चाचण्यांत कंपन्यांना नफा नसतो, म्हणून त्या सार्वजनिक पैशातूनच व्हायला हव्यात. ‘रिकव्हरी’ला ब्रिटिश सरकारी निधी मिळाला होता. क्षय आणि मधुमेह यांचे मोठे ओझे वाहणाऱ्या भारताला ही गरज अधिक आहे, कारण ब्रिटनमधल्या रुग्णाला सोसणारी मात्रा इथल्या मधुमेही रुग्णालाही सोसेलच असे नाही. प्रतिकारशक्ती वाढवण्याचा जसा आग्रह आपण धरतो, तसाच ती नेमकी केव्हा आवरायची हे शोधणाऱ्या संशोधनासाठी सरकारकडे आणि विद्यापीठांकडे धरला पाहिजे.