गाडी बर्फापर्यंत जाते का?

युरोपच्या सहलीचं ठरलं की मराठी घरांत पहिला प्रश्न टूर कंपनीचा निघतो आणि दुसरा जेवणाचा. प्रवास बसनं होणार हे गृहीतच असतं. अशात एखाद्या हौशी पुतण्यानं ‘आपण रेल्वेनं जाऊ, जमलं तर एक दिवस स्कीइंगही करून बघू’ असं सुचवलं, की शंकांची सरबत्ती सुरू होते. बर्फात गाडी अडकली तर? एवढं सामान कोण उचलणार? स्टेशनवरून पुढे काय? यातला शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि नेमका तोच सगळ्यात कमी विचारला जातो. बाकीच्या शंका बऱ्याचशा ऐकीव आहेत.

गैरसमज : डोंगरातली रेल्वे ही स्कीइंगच्या गावांना नंतर चिकटवलेली हौस आहे

क्रम उलटा आहे. आल्प्समधल्या कित्येक गावांत रेल्वे आधी पोचली आणि स्की नंतर. दाव्होसला रेल्वे आली 1890 मध्ये, आणि ती आली मुख्यतः क्षयरोग्यांसाठी. कोरड्या, थंड हवेच्या उपचारांसाठी ते गाव तेव्हा नावाजलेलं होतं. फिस्पहून झरमॅटला जाणारी मीटरगेज गाडी 1891 ची. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे क्लाइन शायडेकपर्यंत चढणारी वेंगर्नआल्प रेल्वे 1893 ची. या गाड्या उन्हाळ्यात हवा खायला आणि शिखरं बघायला येणाऱ्यांसाठी काढलेल्या होत्या. झरमॅटची गाडी तर सुरुवातीला हिवाळ्यात बंदच असायची.

मग इंग्रज आले. वर चढून जायचं आणि मग घसरत खाली यायचं, अशी तेव्हाच्या स्कीइंगची रीत होती आणि चढण्यातच दिवस संपायचा. वेंगेनला उतरलेल्या मंडळींच्या लक्षात आलं, की वर न्यायला गाडी आहेच, मग पाय कशाला झिजवायचे? 1925 मध्ये त्यांनी तिथे एक क्लब काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘डाउनहिल ओन्ली’. नावातच सगळा कार्यक्रम आला: चढायचं गाडीनं, आपण फक्त उतरायचं. आल्प्सभर रोपवेंचं जाळं पसरण्याआधी स्कीइंगची लिफ्ट म्हणजे हीच रेल्वे होती. आजही क्लाइन शायडेकच्या फलाटावर हातात स्की घेऊन डब्यात शिरणारी माणसं दिसतात. त्यांच्या लेखी ती गाडी प्रेक्षणीय वगैरे नसते, वर जायचं साधन असते.

वेंगेन आणि झरमॅट ही दोन्ही गावं आजही मोटारमुक्त आहेत. झरमॅटला जाणाऱ्यांची मोटार पाच किलोमीटर अलीकडे टॅशला थांबते आणि तिथून बारा मिनिटांची शटल गाडी घ्यावी लागते. म्हणजे स्वतःची गाडी घेऊन निघालेल्यालाही शेवटी रेल्वेतच बसावं लागतं. मग ती झुरिकहूनच का घेऊ नये?

गैरसमज : बर्फ पडला की रेल्वे बंद

आपल्याकडे पावसाळ्यात कर्जत-लोणावळ्याच्या घाटात दरड कोसळली की काय होतं हे पाहिलेल्यांना ही भीती वाटणारच. पण बर्फाच्या मुलखातली रेल्वे बर्फ धरूनच बांधलेली असते.

खरी नड रुळांवरच्या बर्फाची नसून सांध्यांची असते. दोन रुळांच्या फटीत बर्फ गोठला की सांधा हलत नाही आणि गाडी मार्ग बदलू शकत नाही. म्हणून सांध्यांना तापवण्याची सोय केलेली असते. रुळांवर पडलेला बर्फ पुढे नांगर लावून बाजूला लोटतात, फारच साचला तर फिरत्या पात्यांचं यंत्र तो उपसून दूर फेकतं. स्वित्झर्लंडच्या बर्निना मार्गासाठी 1910 मध्ये केलेलं असं एक वाफेचं यंत्र अजून जपून ठेवलं आहे आणि हौशी लोक ते बघायला मुद्दाम जातात. हिमस्खलनाच्या वाटेवर रुळांवर छत घालतात, म्हणजे वरून घरंगळलेला बर्फ छतावरून दरीत जातो. जपाननं आणखी एक शक्कल काढली. तोक्योहून निइगाताकडे जाणाऱ्या जोएत्सु शिन्कान्सेनच्या मार्गावर रुळांच्या कडेला फवारे आहेत. कोमट पाणी उडत राहतं, बर्फ पडताक्षणी वितळतो, गाडी वेगानं निघून जाते.

चढाचंही तसंच. आपल्या खंडाळ्याच्या घाटात जास्तीत जास्त चढ 37 ला 1 आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात. बर्निनाची गाडी 14 ला 1 असा चढ कुठल्याही दातेरी रुळाशिवाय चढते, 2,253 मीटरवर पोचते आणि हे ऐन हिवाळ्यातही चालू असतं. त्याहून तीव्र चढ आला की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी येते आणि इंजिनाखालचं दंतचक्र तीत अडकत वर जातं. झरमॅटहून गोर्नरग्राटला जाणारी 1898 ची रेल्वे अशीच आहे. ती पहिल्या दिवसापासून विजेवर चालते आणि 3,089 मीटरवर नेऊन सोडते.

तरीही ‘कधीच बंद पडत नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जानेवारी 2018 मध्ये झरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद झाले. सुमारे 13,000 पर्यटक गावात अडकले आणि काहींना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. धोका हिमस्खलनाचा होता, म्हणून गाड्या मुद्दाम थांबवल्या होत्या. तेव्हा परतीचं विमान आणि बर्फातला शेवटचा दिवस यांच्यात एक मोकळा दिवस ठेवावा. हा खर्च वायफळ नाही.

गैरसमज : रेल्वेनं वेळ फार जातो

काही ठिकाणी जातो, काही ठिकाणी उलट वाचतो. ऑस्ट्रियातलं संक्ट आंटोन आम आर्लबेर्ग घ्या. झुरिकहून व्हिएन्नाकडे जाणारी रेलजेट तिथे थांबते आणि झुरिकपासून साधारण अडीच तासांत पोचवते. पूर्वी रूळ गाव आणि स्कीइंगचे उतार यांच्या मधून जायचे. 2001 च्या जागतिक स्की स्पर्धेआधी अख्खी रेल्वेच गावाच्या दुसऱ्या बाजूला हलवली. आता स्टेशनबाहेर पडून चालत लिफ्ट गाठता येते.

पण या बाबतीत जपानच्या गाला युझावाचा हात कोणी धरू शकणार नाही. इथे स्की रिसॉर्टच रेल्वे कंपनीनं काढलं, 1990 मध्ये. तोक्योहून शिन्कान्सेननं साधारण सव्वा तास. फलाटावरून वर येऊन तिकीट दाखवून बाहेर पडलात की त्याच इमारतीत स्की, बूट, कपडे भाड्यानं देणारा काउंटर, कपडे बदलायची जागा, लॉकर आणि थेट डोंगरावर जाणारा गोंडोला. छताबाहेर पाऊल न टाकता माणूस ऑफिसच्या कपड्यांतून स्कीच्या कपड्यांत येतो. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणारे तोक्योकर इथे भरपूर. हे स्टेशन उघडतंही फक्त स्कीइंगच्या मोसमात. एरवी गाड्या अलीकडच्या एचिगो-युझावालाच थांबतात.

अमेरिकेत सगळं मोटारीवर चालतं हे खरं, पण तिथेही अपवाद आहे. डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून हिवाळ्यात ॲमट्रॅकची विंटर पार्क एक्स्प्रेस सुटते, 1928 साली खुल्या झालेल्या सुमारे दहा किलोमीटरच्या मॉफट बोगद्यातून रॉकी पर्वत ओलांडते आणि बोगद्याच्या तोंडाशीच, रिसॉर्टच्या पायथ्याला थांबते. स्कीवाल्यांची ही गाडी 1940 पासून धावत होती, 2009 मध्ये बंद पडली आणि 2017 मध्ये ॲमट्रॅकनं ती पुन्हा दर मोसमात चालू केली.

गैरसमज : स्टेशनच्या नावात रिसॉर्टचं गाव आहे, म्हणजे पोचलोच

इथे भलेभले फसतात. फ्रान्समध्ये पॅरिसहून हिवाळ्यात टीजीव्ही थेट बूर-सें-मोरिसला जाते. लेझ आर्कला जायचं असेल तर स्टेशनशेजारून फ्युनिक्युलर निघते आणि सात मिनिटांत तुम्ही 1,600 मीटरवर. पण त्याच स्टेशनवर उतरून तीन्य किंवा व्हाल दिझेरला जायचं असेल तर पुढे घाटातली बस. कुर्शव्हेल, मेरिबेल, व्हाल तोरान्सची मंडळी आधीच मूतिएला उतरतात आणि तिथून बस धरतात. त्यातून शनिवार असेल तर बघायला नको. फ्रान्समधली मुक्कामाची घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशी मिळतात, त्यामुळे अख्खा युरोप एकाच दिवशी रस्त्यावर.

आर्लबेर्गमध्येही तसंच. संक्ट आंटोनला गाडी दाराशी, पण त्याच भागातल्या लेख आणि त्स्यूर्सला रेल्वे नाही, बसच. स्वित्झर्लंडच्या व्हर्बिए गावात रेल्वे नाही, पण पायथ्याच्या ल शाब्ल स्टेशनशेजारूनच रोपवे वर जातो. एका मार्गावरच्या दोन गावांत एवढा फरक असू शकतो. म्हणून ‘तिथे गाडी जाते का?’ हा प्रश्न अर्धाच आहे.

गैरसमज : पास काढला की सगळं त्यात आलं

स्विस ट्रॅव्हल पासवर झरमॅट, वेंगेन, म्यूरेन, ग्रिंडेलवाल्डपर्यंत जाता येतं. त्यापुढे मात्र हात सैल सोडावा लागतो. गोर्नरग्राटवर पासधारकाला निम्मी सवलत आहे; युंगफ्राउयोखला वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डच्या पुढे फक्त 25 टक्के. आपले बहुतेक पर्यटक नेमके युंगफ्राउयोखलाच जातात आणि तिकीटखिडकीशी चेहरे पडतात. आणि रेल्वेचा पास म्हणजे स्की पास नव्हे. लिफ्टचा पास वेगळा काढावा लागतो. मात्र उलट बाजूनं फायदा आहे: झरमॅटच्या स्की पासवर गोर्नरग्राटची गाडी येते, तसंच वेंगेनच्या बाजूच्या स्की पासवर क्लाइन शायडेकची गाडी. स्की करणारा दिवसातून चारदा त्या गाडीनं वर गेला तरी जादा पैसे नाहीत.

गैरसमज : स्कीचं सामान गाडीत घेत नाहीत

स्विस गाड्यांत स्की हातसामान म्हणून फुकट नेता येतात. पण पहिल्यांदाच जाणाऱ्यानं स्की न्यायच्याच कशाला? बूट, स्की, हेल्मेट सगळं तिथे भाड्यानं मिळतं. आपण न्यायचे ते जलरोधक हातमोजे, तशीच विजार आणि दोन जोड लोकरी मोजे. जीन्स घालून बर्फात पडलेला माणूस अर्ध्या तासात ओलाचिंब होतो आणि उरलेला दिवस कॉफी पीत काढतो.

गैरसमज : हे सगळं परदेशात, आपल्याकडे शक्य नाही

6 जून 2025 पासून हे वाक्य जुनं झालं. त्या दिवशी 272 किलोमीटरच्या उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला मार्गाचा राहिलेला तुकडा खुला झाला आणि काश्मीर खोरं रेल्वेनं देशाला जोडलं गेलं. चिनाबवरचा पूल नदीपासून 359 मीटर उंच आहे. कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत साधारण तीन तासांत पोचते. या गाडीच्या पुढच्या काचेत तापणाऱ्या तारा आहेत, पाणी गोठू नये म्हणून टाक्या आणि नळ ऊबदार ठेवायची सोय आहे. खोऱ्यातल्या माणसाला याचं नवल नाही. तिथे 2008 पासून लोकल गाड्या धावत आहेत आणि बनिहालकडचा महामार्ग बर्फानं बंद असतानाही पीर पंजालच्या 11 किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी गेली, असं कितीदा तरी घडलं आहे.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस जम्मूपर्यंत आणि वांद्र्याहून स्वराज एक्स्प्रेस थेट कटऱ्यापर्यंत जाते. म्हणजे महाराष्ट्रातून गुलमर्गच्या वाटेला रेल्वेनं लागता येतं. एक-दोन रात्री डब्यात जातील. ज्याला तीनच दिवसांची रजा आहे त्यानं विमानानंच जावं, उगाच रेल्वेचा आग्रह धरू नये.

पण गुलमर्गला स्टेशन नाही. श्रीनगर स्टेशनपासून पुढे पन्नासेक किलोमीटर रस्ता आहे आणि त्यातले टंगमर्गच्या पुढचे शेवटचे तेरा किलोमीटर चढाचे. बर्फ पडल्यावर या टप्प्यात चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात. वर गोंडोलाचे दोन टप्पे आहेत, कोंगदूरी आणि त्यावर अफरवाट. नवशिक्यानं पहिले दोन-तीन दिवस खालच्या सौम्य उतारावरच काढावेत. अफरवाटचा उतार जवळजवळ चार हजार मीटरवरून सुरू होतो आणि तिथे हिमस्खलनात माणसं दगावली आहेत.

गुलमर्गचा बेत ठरवताना गाडीचं आरक्षण झालं की लगेच दुसरा फोन टंगमर्गच्या गाडीवाल्याला लावा. त्याच्याकडे साखळ्या आहेत का, टंगमर्गहून वर जायचे किती घेणार आणि बर्फ जास्त झाला तर परत कधी आणणार, हे तिन्ही आधी विचारून घ्या.