पाचट कुजते कसे? सेल्युलोज फोडणारे जिवाणू व त्यांची विकरे

नोव्हेंबरात दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरणाऱ्यास जे धुरके दिसते, त्यात पंजाब-हरियाणात जाळलेल्या भाताच्या अवशेषांचाही वाटा असतो. आपल्याकडे ऊसतोडीनंतर पेटविले जाणारे पाचट हा त्याच जातीचा अपव्यय आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात नत्र जेमतेम अर्धा टक्का असले, तरी 10 टनांमागे ते 50 किलो भरते आणि जाळल्यावर बहुतांशी हवेत निघून जाते.

पाचट लवकर कुजत नाही, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. पिष्ट आणि सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतात. फरक आहे तो जोडणीचा. सेल्युलोजच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून तंतू बनतात आणि त्यांभोवती लिग्निनचे वेष्टन असते. एवढा मोठा रेणू जिवाणूच्या पेशीत शिरू शकत नाही. म्हणून जिवाणू विकरे पेशीबाहेर सोडतो, अथवा पेशीच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. एंडोग्लुकनेज हे विकर साखळी मध्येच तोडते. एक्झोग्लुकनेज टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे, म्हणजे सेलोबायोज, सोडविते. बीटा-ग्लुकोसिडेज त्या तुकड्यांचे ग्लुकोज करते. हे तिसरे काम रेंगाळले, तर साचलेले सेलोबायोज पहिल्या दोन विकरांनाच अडविते. त्यामुळे एखादे विकर किती जोरकस आहे, यापेक्षा तिघांचा मेळ महत्त्वाचा ठरतो.

कीटकशास्त्रज्ञास हा मेळ हुमणीच्या पोटात पाहावयास मिळतो. उसाची मुळे कुरतडणाऱ्या या अळीच्या आतड्याचा मागील भाग फुगीर असून तेथे प्राणवायू अत्यल्प असतो. तंतुमय अन्न आंबविणारे जिवाणू तेथे वस्ती करून असतात. आसामातील माजुली बेटावरील हुमणीच्या आतड्यातूनही सेल्युलोज फोडणारे जिवाणू वेगळे करण्यात आले आहेत. पिकाची शत्रू असलेली ही अळी अशा जिवाणूंचे भांडारही आहे!

मात्र उत्तम जिवाणूही उपाशीपोटी काम करीत नाहीत. पाचटातील कर्ब-नत्र गुणोत्तर 60 ते 80 च्या घरात असते. कुजण्यास 25 ते 30 अनुकूल. वाढणारे जिवाणू नत्राची उणीव जमिनीतून भरून काढतात आणि खोडवा पिवळा पडतो. दोष मात्र संवर्धनाला दिला जातो. म्हणूनच दर टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो कुजविणारे संवर्धन अशी शिफारस आहे. यातील युरिया वगळून केवळ संवर्धन टाकणे मला व्यर्थ वाटते.

'जिवाणू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही संवर्धनांत प्रत्यक्षात बुरशी असते. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे 'पुसा डिकंपोजर' हेही बुरशींचेच मिश्रण आहे. लिग्निनवर बुरशीची पकड अधिक असल्याने त्यात वावगे काही नाही. वापराचे पथ्य दोहोंस सारखेच: बुडख्यांवरील पाचट सरीत ओढावे, त्यावर खत व संवर्धन पसरावे, पाचट मातीत दाबून पाणी द्यावे. कोरड्या, अधांतरी पाचटावर विकरे काम करीत नाहीत.