घरघर

झोप मोडण्याऐवजी ती अधिकच गाढ करणारा एक आवाज माझ्या पिढीतल्या अनेकांनी लहानपणी ऐकला आहे. पहाटे आई जात्याशी बसायची. मी तिच्या मांडीवर डोके टेकून पडलेला असे. दगडावर दगड फिरण्याची ती खर्जातली घरघर कानांपेक्षा अंगातूनच ऐकू यायची. दाणे असेपर्यंत आवाज भरदार. दाणे संपत आले की तो कोरडा होई. डोळे न उघडताही मला कळायचे, आता आई पुढची मूठ वैरणार.

संस्कृतातल्या ‘घर्घर’चीच ही ‘घरघर’. जात्याची, जुन्या पंख्याची, दमेकऱ्याच्या छातीची. शब्दात मुळात अशुभ काही नाही. पण त्याला ‘लागणे’ हे क्रियापद जोडले, की अर्थ थेट शेवटच्या श्वासाशी जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर ‘गिरण्यांना घरघर लागली’ हे आपण किती सहज बोलत गेलो! गंमत पाहा, घरघर लागली असे म्हणतो, तेव्हा यंत्रांची खरी घरघर थांबत आलेली असते.

बँकेत असताना एका बुडत्या सहकारी संस्थेच्या अहवालात हेच वाक्य मीही लिहिले होते. चांगले जमले म्हणून मनात खूषही झालो होतो. त्या संस्थेच्या पगारावर किती घरांतल्या चुली पेटतात, हे त्या क्षणी डोक्यात आले नाही.

पुढे पिठाची गिरणी आली आणि आमचे जाते परसात गेले. आईचे खांदे सुटले, याचा आनंदच होता. ओव्या मात्र तिच्या ओठांवरून हळूहळू गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या, म्हणून त्या निदान कागदावर तरी उरल्या.

आईच्या अखेरच्या रात्री तिच्या घशातून तोच खर्ज उमटू लागला. “घशात स्राव साठल्यामुळे हा आवाज येतो. त्यांना बहुधा त्याचा त्रास जाणवत नसेल,” डॉक्टर म्हणाले. मी तिचे डोके मांडीवर घेऊन बसलो. पहाटे आवाज कोरडा होत गेला. त्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता. वैरायला मात्र माझ्या मुठीत काही नव्हते.