संगणकाच्या पोटांतील नामांतर

रजिस्टर म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांस हजेरीपट आठवतो. संगणकशास्त्रांत ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मायक्रोप्रोसेसरच्या पोटांत, अगदीं हाताशीं, एकेक संख्या ठेवण्याचे जे मोजके कप्पे असतात, त्यांस रजिस्टर म्हणतात.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखालीं तयार होऊन १९६० सालीं चालू झालेला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं ज्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें, तो संगणक एका वेळीं एकच आज्ञा पाळीत असे. पहिलीचें काम संपल्यावांचून दुसरीस हात लावावयाचा नाहीं, हा त्याचा शिरस्ता. घोटाळ्यास जागा नव्हती. वेळ मात्र जाई. आजचा मायक्रोप्रोसेसर अनेक आज्ञा एकदम हातीं घेतो, आणि येथेंच अडचण उभी राहते.

एक उदाहरण घेऊं. पहिली आज्ञा: 'अ' ला 'ब' नें भागून उत्तर 'क' मध्यें ठेवा. दुसरी: 'क' मध्यें एक मिळवून उत्तर 'ख' मध्यें ठेवा. तिसरी: 'ग' आणि 'घ' ह्यांची बेरीज 'क' मध्यें ठेवा. चवथी: 'क' ची दुप्पट 'ट' मध्यें ठेवा. भागाकारास वेळ लागतो, म्हणून दुसरीनें थांबणें भागच आहे. परंतु तिसरीनें कां खोळंबावें? तिला भागाकाराशीं कांहींच कर्तव्य नाहीं. ती अडते ती केवळ नांवासाठीं. गिरगांवांतल्या एखाद्या चाळींत एकाच नांवाचे दोन भाडेकरू राहिले म्हणजे टपालाचा जो घोळ होतो, त्याच जातीचा हा घोळ होय.

उपाय नामांतराचा. आज्ञेंत लिहिलेलें नांव आणि प्रत्यक्ष कप्पा हीं दोन वेगळीं करावयाचीं. नांवें थोडीं, कप्पे पुष्कळ. २०१३ सालच्या इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरांत पूर्णांकांसाठीं नांवें सोळा, पण कप्पे १६८ होते. उत्तर लिहिणाऱ्या प्रत्येक आज्ञेस एक मोकळा कप्पा द्यावयाचा, आणि कोणतें नांव सध्यां कोणत्या कप्प्याचें, हें तक्त्यांत टिपावयाचें. पहिलीचा 'क' समजा ३१ क्रमांकाचा झाला आणि तिसरीचा ३२ चा. तर दुसरी ३१ ची वाट पाहील, चवथी ३२ ची.

मग आज्ञा रांगेंत थांबतात. उत्तर तयार होतांच त्याच्या कप्प्याचा क्रमांक रांगेंत पुकारला जातो, आणि जिचें सर्व साहित्य जमलें ती आज्ञा, मागची असो वा पुढची, कामास धाडली जाते. चर्चगेटला डबे वाटून घेणारे लोकही झांकणावरची खूणच पाहतात. ह्या युक्तीचें मूळ रूप आयबीएमच्या रॉबर्ट टोमासुलो ह्यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांच्या ३६०/९१ यंत्रांत अपूर्णांकी गणितासाठीं नांवें अवघीं चार होतीं. गरज किती होती तें ह्यावरून कळावें.

कप्पा परत केव्हां घ्यावयाचा, हा खरा नाजूक भाग. तिसरीस नवा कप्पा मिळाला म्हणून ३१ लागलाच दुसऱ्या कोणास देऊन टाकला, तर दुसरी आज्ञा तेथें परक्याचीच संख्या वाचील, आणि चूक झाली असें यंत्र सांगणारही नाहीं. म्हणून आज्ञा हव्या त्या क्रमानें पुऱ्या होवोत, त्यांवर शिक्कामोर्तब मूळ क्रमानेंच करावयाचें. तिसरीवर शिक्का पडला म्हणजे आधींच्या सर्वांचें काम झालें हें निश्चित. तेव्हांच ३१ मोकळा होतो. मध्येंच कोठें शून्यानें भागण्याचा प्रसंग आला, तर पुढच्या आज्ञांचीं उत्तरें टाकून जुना तक्ता पुन्हां मांडतां येतो. आणि मोकळे कप्पेच संपले, तर नव्या आज्ञांनीं दाराशीं थांबावें. दुसरा इलाज नाहीं.