टेटूच्या तलवारी

माघ-फाल्गुनात कोकणातल्या रानात एखादं निष्पर्ण झाड दिसतं आणि त्याच्या शेंड्याला चक्क तलवारी लटकलेल्या असतात. दीड-दोन फूट, कधी तीन फुटांपर्यंत लांब, चार बोटं रुंद, चपट्या, काळपट. खाली सरळसोट खोड आणि मोजून चार-दोन फांद्या. पहिल्यांदा पाहणारा थबकतोच. हा टेटू, म्हणजे आयुर्वेदातला श्योनाक. शास्त्रीय नाव ओरोक्सायलम इंडिकम. बुचाचं झाड आणि जॅकरांडा याच्याच कुळातले.

लांबून गुलमोहराच्या शेंगा वाटू शकतात. खात्री करायची तर शेंग उघडून बघावी. गुलमोहरात टणक, लांबट बिया खाचेत बसलेल्या असतात. टेटूची शेंग उकलली की आत बियांच्या चळतीच चळती निघतात. एक बी तळहातावर घ्या. मधोमध चपटा दाणा आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी पसरलेला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, पांढुरका पंख. उजेडासमोर धरला तर त्यातून पलीकडची बोटं दिसतात. पंखासकट बी दोन-तीन इंच रुंद, पण वजन जाणवतच नाही. श्वास जरा जोरात सोडला तरी हातावरून उडून जातं.

शेंगा उकलतात त्या नेमक्या कोरड्या दिवसांत. टेटूची पानं तेव्हा गळलेली असतात आणि शेंगा झाडाच्या सर्वांत उंच टोकाला असतात. बी निसटलं की गिरक्या घेत, तरंगत दूर जातं. वाऱ्यावर भरवसा ठेवणाऱ्या झाडाला याहून चांगली जागा कुठली!

पण शेंगा इतक्या उंचावर लागतात याचं कारण वारा नव्हे, वटवाघूळ. पावसाळ्यात टेटूच्या शेंड्यातून फुलांचा जाड दांडा पानांच्या वर उभा वाढतो. फुलं मोठी, मांसल, बाहेरून लालसर जांभळी, आतून फिकट पिवळी, आणि वास असा की नाक मुरडावं. उमलतात रात्री, पहाटेपर्यंत गळतात. मधासाठी येणाऱ्या वटवाघळाला पानांचा अडसर न होता थेट फुलाशी पोचता यावं, म्हणून हा उंच दांडा. अंगाचा भार टाकून त्यानं फुलाला बिलगायचं, तोंड आत खुपसायचं आणि डोक्यावर पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जायचं. मग त्याच दांड्यावर शेंगा धरतात आणि त्यांच्या वजनानं दांडा खाली वाकतो. वटवाघळासाठी मिळवलेली उंची पुढे वाऱ्याच्या कामी येते. मला तरी याचं नवल अजून सरलेलं नाही.

शेंगा नसतील तेव्हा बुंध्याशी पाहावं. टेटूचं पान तीन-चार फूट लांब, पुन्हा पुन्हा विभागलेलं. आधी पर्णिका गळतात, मग देठ सांध्यासांध्यातून निखळून पडतात आणि झाडाखाली त्यांचा खच होतो. संधिप्रकाशात तो हाडांचा ढीग वाटतो.

नेपाळात टेटूचं बी पूजेत आणि मंगलकार्यात फूल म्हणून वाहतात, त्याच्या माळा ओवतात. थायलंडमध्ये कोवळी शेंग भाजून, वरची करपलेली साल खरवडून जेवणात घेतात. आपल्याकडे मात्र ओढ आहे ती मुळांची. टेटू दशमुळांपैकी एक, आणि औषधात लागते त्याच्या मुळाची साल. ती काढायची म्हणजे बहुतेक वेळा झाडच उपटलं जातं. म्हणूनच हा वृक्ष रानात विरळ होत चालला आहे आणि त्याच्या जागी महारुखाची साल खपवली जाते. हे थांबायला हवं आणि त्यासाठी टेटू मुद्दाम लावायला हवा. ते अवघडही नाही. ताजं बी पावसाच्या तोंडावर वाफ्यात आडवं ठेवून वर मातीचा पातळ थर दिला की रुजतं.